जेलमधला एन्झाइम काम करतो का, ते आधी मोजा: मराठवाड्यातील फार्मसी महाविद्यालयांना खुले पत्र

प्रति,
प्राचार्य, संशोधन मार्गदर्शक आणि प्राणी नैतिकता समित्यांचे सदस्य,
औषधनिर्माणशास्त्र महाविद्यालये, मराठवाडा विभाग

विषय: जखमेवर लावायच्या वनस्पतिज एन्झाइम जेलच्या चाचण्यांबाबत

स. न. वि. वि.

एम.फार्म.च्या प्रकल्पांचे विषय ठरू लागले की पपईच्या चिकातल्या पपेनचे जेल, अननसाच्या ब्रोमेलेनचे जेल, अंजिराच्या फिसिनचे जेल असे विषय कुठे ना कुठे मंजूर होतातच. व्हायलाच हवेत. ऊसतोडीत पायावर बसलेला कोयता, मधुमेह्याच्या तळपायाचा महिनोन्महिने न भरणारा व्रण, साप चावल्यावर काळी पडून सुटणारी कातडी या जखमा आपल्या आठही जिल्ह्यांत रोजच्या आहेत. वरचे मेलेले मांस निघाल्याशिवाय खालून लाल मांस धरत नाही, हे ड्रेसिंग करणाऱ्या कोणत्याही सिस्टरला विचारा. ते कापून काढायला सर्जन लागतो, आणि सर्जन प्रत्येक तालुक्याला नसतो. मेलेले प्रथिन विरघळवणारे, परवडणारे आणि भरवशाचे जेल कुणी करून दाखवले तर त्याची गरज सगळ्यात जास्त आपल्याच भागाला आहे.

म्हणूनच या विषयाखाली ज्या चाचण्या चालतात त्या पाहून गप्प बसवत नाही. प्रबंध उघडला की रंग, वास, पीएच, व्हिस्कॉसिटी (घट्टपणा), स्प्रेडेबिलिटी (किती पसरते) यांची कोष्टके दिसतात. मग जंतू वाढवायच्या आगर प्लेटवरची वर्तुळे आणि उंदरांच्या पाठीवरच्या जखमांचे फोटो. एक ग्रॅम जेलमध्ये एन्झाइमची किती युनिट आहेत, जेल केले त्या दिवशी किती होती आणि ९० दिवसांनी किती उरली, हा आकडा मात्र सापडत नाही. शीर्षकात एन्झाइम, निष्कर्षात एन्झाइम, आणि मधल्या शंभर पानांत त्याचे मोजमाप एकदाही नाही. अशा प्रबंधाला आपण सही करून मान्यता देतो आणि पुढे त्याच्याच आधारावर कुणीतरी ट्यूब भरून 'जखम भरणारे पपईचे जेल' म्हणून विकायला काढतो. या प्रयोगशाळांत शिकवणारे आणि बाटल्या धुण्यापासून रीडिंग घेण्यापर्यंतची कामे करणारे आम्हीच आहोत. ती ट्यूब जाते ती आमच्याच गावांतल्या पायांवर.

घरात मटण लवकर शिजावे म्हणून कच्च्या पपईची फोड चोळून ठेवतात. आधी चोळतात, उकळी फुटल्यावर नाही. घरातल्या बाईला ठाऊक असलेली ही गोष्ट प्रयोगशाळेत विसरली जाते, आणि ती पहिल्या पायरीपासूनच विसरली जाते.

सुरुवात कच्च्या मालापासून. पपेन असते ते हिरव्या, कच्च्या पपईच्या चिकात. फळ पिकत गेले की चीक आटतो आणि पिकल्या गरात पपेन जवळजवळ राहत नाही. तरी गाड्यावरून आणलेल्या पिकल्या पपईचा गर मिक्सरमधून काढून त्याला 'पपेनयुक्त अर्क' म्हटले जाते. दुसरा प्रकार पानांच्या सोक्सलेट अर्काचा, म्हणजे उकळते द्रावक पानांवरून पुन्हा पुन्हा फिरवून काढलेल्या अर्काचा. मिथेनॉलने सहा-आठ तास अर्क काढला की फिनॉल, फ्लॅव्होनॉइड, क्लोरोफिल खाली फ्लास्कमध्ये उतरतात. प्रथिने मिथेनॉलमध्ये विरघळत नाहीत, ती थिम्बलमधल्या, म्हणजे पाने भरलेल्या नळीतल्या, चोथ्यात राहतात आणि चोथ्याबरोबर कचऱ्यात जातात. फ्लास्कमधला हिरवा अर्क जखमेला उपयोगी ठरेलही. त्याला एन्झाइम जेल म्हणू नका, एवढेच आमचे म्हणणे आहे.

चीक स्वतः काढणार असाल तर सकाळी लवकर, पूर्ण वाढलेल्या पण हिरव्या फळावर, स्टेनलेस स्टीलच्या पात्याने २ ते ३ मिलिमीटर खोल उभ्या रेघा ओढा. पाते खोल गेले तर गर फुटून रस चिकात मिसळतो. चीक काचेच्या किंवा प्लास्टिकच्या ट्रेमध्ये धरा. लोखंडी वा तांब्याचे भांडे नको, कारण पपेनचे सगळे काम ज्या एका सल्फहायड्रिल (गंधक-हायड्रोजनच्या) गटावर चालते तो धातूला बांधला गेला की एन्झाइम बंद पडतो. उन्हात टाकलेला चीक तपकिरी होतो आणि जोर हरवतो; ५० ते ५५ अंशांवर ओव्हनमध्ये पातळ थर देऊन वाळवा. हातमोजे घालाच, ताज्या चिकाने बोटांची कातडी सोलवटते. तयार पावडर विकत घेतली तर डब्यावरची युनिट कोणत्या पद्धतीने मोजली आहेत ते लिहून घ्या. अमेरिकी फार्माकोपियाचे एक युनिट म्हणजे ठरलेल्या परिस्थितीत तासाभरात १ मायक्रोग्रॅम टायरोसिन या अमिनो आम्लाइतका भाग केसीन या दुधातल्या प्रथिनापासून सुटणे. दूध फाटण्यावरून मोजलेले युनिट वेगळे असते. एका पद्धतीचा आकडा दुसऱ्या पद्धतीच्या आकड्याशेजारी ठेवून तुलना करणारे कोष्टक काहीच सांगत नाही.

पुढचा प्रश्न बेसचा, म्हणजे ज्यात एन्झाइम मिसळायचा त्या नुसत्या जेलचा. जवळजवळ प्रत्येक प्रकल्पात कार्बोमर ९४० हा जेल घट्ट करणारा पदार्थ घेतात, कारण ते कपाटात असते आणि जेल काचेसारखे स्वच्छ दिसते. कार्बोमरवर ऋण भार असतो. पपेनचा समविद्युत बिंदू (ज्या पीएचला त्याच्यावरचा एकूण भार शून्य होतो) ८.७५च्या आसपास, म्हणजे पीएच ६ ते ७ला त्याच्यावर धन भार असतो. दोघे एकमेकांना धरून बसतात. जेल किंचित गढूळ होते आणि एन्झाइम त्यातून सहज सुटत नाही. शिवाय कार्बोमरला मीठ सोसत नाही: जखमेतला स्राव खारट, त्याला लागताच जेल पातळ होऊन पट्टीतून वाहते. व्हिस्कॉमीटरवर सुंदर दिसलेला आकडा जखमेवर पाच मिनिटेही टिकत नाही. हायड्रॉक्सीइथाइल सेल्युलोज किंवा एचपीएमसी असा भाररहित बेस घेतला तर ही अडचण येत नाही. कार्बोमरच घ्यायचे असेल तर एन्झाइम किती सुटतो ते मोजून दाखवा.

आता मोजायचे कसे. हे सविस्तर लिहितो, कारण 'आमच्याकडे सोय नाही' हे उत्तर वारंवार ऐकू येते. लागतो तो यूव्ही स्पेक्ट्रोफोटोमीटर, वॉटर बाथ, सेंट्रिफ्यूज, केसीन, सिस्टीन हायड्रोक्लोराइड, ईडीटीए आणि टीसीए (ट्रायक्लोरोअॅसिटिक आम्ल). यातले काय नाही आपल्या प्रयोगशाळेत?

२ ग्रॅम जेल तोलून २० मिली फॉस्फेट बफरमध्ये घ्या, पीएच ६.०. बफरमध्ये सिस्टीन आणि ईडीटीए असू द्या. सिस्टीनमुळे सल्फहायड्रिल गट मोकळा राहतो, ईडीटीए धातू पकडून ठेवते. हे मिश्रण त्याच दिवशी करा. कालचे सिस्टीन हवेने खराब झालेले असते. मॅग्नेटिक स्टररवर अर्धा तास ढवळा, सेंट्रिफ्यूज करा, वरचे निवळ घ्या. १ टक्का केसीनचे ५ मिली द्रावण ४० अंशांवर स्थिर झाले की त्यात २ मिली निवळ टाका आणि घड्याळ लावा. बरोबर ६० मिनिटांनी ३० टक्के टीसीए ३ मिली. अर्धा तास तसेच ४० अंशांवर ठेवा, न पचलेले केसीन खाली बसू द्या, मग व्हॉटमन ४२ नंबर कागदातून गाळा. पहिले ३ मिली फेकून द्या, पुढचे २८० नॅनोमीटरला वाचा.

सगळे बिघडते ते ब्लँकमध्ये, म्हणजे रीडिंगमधून वजा करायच्या तुलनेच्या नमुन्यात. प्रत्येक नमुन्याचा स्वतःचा ब्लँक लागतो: आधी टीसीए, नंतर एन्झाइम. नुसते डिस्टिल्ड वॉटर ठेवून शून्य केले तर जेलमधले मिथाइलपॅराबेन हे परिरक्षक आणि वनस्पतीचे फिनॉल २८०ला प्रकाश शोषतात आणि एन्झाइम नसलेल्या जेललाही भरघोस रीडिंग येते. रंगावरून मोजणारा फोलिन अभिकर्मक वापरला म्हणून सुटका होत नाही, फिनॉल त्याच्याशीही रंग देतात. याबरोबर दोन पडताळण्या करायच्याच. नुसत्या बेसमध्ये माहीत असलेले पपेन मिसळून ते किती परत मिळते ते पाहा. १०० युनिट टाकून ६०च हाती आली तर उरलेली ४० बेसने धरून ठेवली आहेत. आणि नमुना निम्मा पातळ केला की रीडिंगही निम्मे येते का ते तपासा. येत नसेल तर केसीन संपत आले आहे, तो आकडा वापरू नका. जिथे एवढेही जमत नाही तिथे निदान जुन्या एक्स-रे फिल्मच्या पट्टीवर जेलचा ठिपका ठेवून ३७ अंशांवर तासभर वाट पाहा आणि नळाखाली धरा. जिलेटिनचा थर सुटून पट्टी तिथे पारदर्शक झाली तर एन्झाइम काम करतो आहे. यातून आकडा मिळत नाही, पण हो-नाही कळते. उकडलेल्या अंड्याच्या पांढऱ्या भागावर हीच चाचणी करू नका: अंड्यात पपेनला अडवणारे सिस्टॅटिन असते आणि ते उष्णतेला सहज दाद देत नाही.

आगर प्लेटवरच्या वर्तुळांबद्दल थोडक्यात. दूध घातलेल्या आगरवर दिसणारे स्वच्छ वर्तुळ म्हणजे केसीन पचल्याची खूण. त्यावरून जंतू मेले असे लिहिणे चूक आहे. साध्या आगरवर वर्तुळ आले तर ते बऱ्याचदा पॅराबेनचे असते. पपेनचा रेणू २३ हजार डाल्टनचा, तो आगरमधून हळू सरकतो. शेजारच्या खळग्यात परिरक्षकासह नुसता बेस ठेवला नसेल तर त्या फोटोला पुरावा म्हणता येत नाही.

पेशींवरच्या चाचण्या आता काही ठिकाणी होऊ लागल्या आहेत, हे चांगले आहे. पण पपेन पेशींना प्लेटपासून सोडवतो, जसे ट्रिप्सिन सोडवते. एल-९२९ या उंदराच्या पेशी सुटून धुण्यात वाहून गेल्या की एमटीटीचे (जिवंत पेशी ज्याला जांभळे करतात त्या रंगाचे) रीडिंग पडते आणि पेशी जिवंत असूनही जेल 'विषारी' म्हणून लिहिले जाते. उलटही घडते: जेलमधले सिस्टीन एमटीटीला स्वतःच जांभळे करते आणि पेशी मेल्या असल्या तरी रीडिंग चढते. म्हणून पेशी नसलेल्या खळग्यात जेल आणि एमटीटी एकत्र ठेवून रंग येतो का ते आधी पाहा, आणि धुतलेल्या पाण्यातल्या सुट्या पेशीही मोजा. आयएसओ १०९९३-५ या वैद्यकीय साधनांच्या चाचणीच्या मानकाप्रमाणे जिवंत पेशी ७० टक्क्यांच्या खाली गेल्या तर पदार्थ पेशींना घातक मानतात. तो ७०चा आकडा या दोन चुकांवर उभा राहता कामा नये. माध्यमात सीरम किती होते तेही लिहा, कारण सीरममध्येही पपेनला अडवणारी प्रथिने असतात.

प्राण्यांबद्दल बोलताना आम्हाला राग आवरत नाही. ज्या जेलमध्ये एन्झाइम काम करतो की नाही हेच कुणी पाहिलेले नाही, त्याच्यासाठी सहा-सहा उंदरांच्या चार-पाच गटांच्या पाठीवरची कातडी कापायला समितीने परवानगी द्यायची कशासाठी? त्यातही जखम ताजी, स्वच्छ, कापून केलेली. तिच्यात मेलेले मांस नसते, मग मेलेले मांस काढणाऱ्या जेलची परीक्षा तिथे होणार कशी? उंदराच्या कातडीखाली स्नायूचा एक थर असतो, तो जखम ओढून मिटवतो. माणसाची जखम मुख्यतः खालून मांस भरून आणि कडेने कातडी सरकून भरते. जखमेभोवती सिलिकॉनची कडी शिवल्याशिवाय बटर पेपरवर काढलेली 'टक्के आकुंचन' ही संख्या उंदराच्या स्नायूचेच मोजमाप करते. एका पिंजऱ्यात तीन-चार उंदीर ठेवले तर ते एकमेकांच्या पाठीवरचे जेल चाटून टाकतात. आणि जखमेची कड आखणाऱ्याला गट माहीत असेल तर पेन्सिल नकळत आत किंवा बाहेर सरकते.

सगळ्यात मोठी उणीव एका गटाची आहे. उपचार नसलेला गट असतो, बेसचा असतो, बाजारातल्या मलमाचाही असतो. पण एन्झाइम मारून केलेल्या जेलचा गट नसतो. तोच नसेल तर फरक एन्झाइमने पडला की नुसत्या ओलाव्याने, हे कसे कळणार? पपेन उष्णतेला चिवट आहे, पाच मिनिटे उकळून मेलाच असे धरू नका. ऑटोक्लेव्ह (दाबाखालच्या वाफेत) करा किंवा आयोडोअॅसिटामाइड या रसायनाने बंद करून डायलिसिसने धुऊन घ्या, आणि वरच्या पद्धतीने रीडिंग शून्य आल्याशिवाय तो गट सुरू करू नका. याच कारणाने काम करणारे जेल मात्र ऑटोक्लेव्हमध्ये घालता येत नाही. बेस १२१ अंशांवर निर्जंतुक करायचा, एन्झाइमचे द्रावण ०.२२ मायक्रॉनच्या फिल्टरमधून काढून लॅमिनार फ्लोमध्ये, म्हणजे गाळलेल्या हवेच्या कक्षात, मिसळायचे. उघड्या जखमेवर जाणारी वस्तू निर्जंतुक नसली तर बाकीच्या चाचण्यांना अर्थ काय राहतो?

आणि आपला उन्हाळा. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या पुढे असतो, वीज जाते, मेडिकलच्या फळीवरची ट्यूब दिवसभर तापते. पाण्यात मिसळलेले पपेन हवेने बिघडते आणि स्वतःलाच पचवत जाते. जेलचा रंग आणि पीएच तसाच राहतो, म्हणून 'स्थिर' असा शेरा मिळतो. हिंगोलीहून किंवा धाराशिवहून एसटीच्या पार्सलने पुण्याला पाठवलेला नमुना बर्फाच्या पाकिटाशिवाय गेला तर तो पोचेपर्यंत काय उरले, हे ना पाठवणाऱ्याला कळते ना तपासणाऱ्याला. भाजलेल्या जखमांसाठीचे ब्रोमेलेनचे नेक्सोब्रिड हे औषध युरोपात २०१२ साली आणि अमेरिकेत डिसेंबर २०२२मध्ये मंजूर झाले. त्यात पावडर वेगळी आणि जेल वेगळे येते, लावायच्या आधी १५ मिनिटांच्या आत मिसळतात आणि चार तास ठेवतात. पाण्यातल्या एन्झाइमचा भरवसा नसतो, हे ओळखूनच ही रचना केलेली आहे. आपल्या हवेला तर असे दोन डब्यांचे रूप जास्तच साजेल. त्यावर प्रकल्प द्या ना.

वापराची बाजूही कुणी तपासत नाही. ड्रेसिंगच्या टेबलावर हायड्रोजन पेरॉक्साइड, पोव्हिडोन आयोडीन, सिल्व्हर सल्फाडायझिन असते. तिन्ही पपेनला बंद पाडतात. पेरॉक्साइडने धुऊन वर पपेनचे जेल लावले तर रुग्णाला नुसता बेस मिळतो. सलाइनने धुवा, असे एक वाक्य प्रबंधात आणि लेबलवर असायला हवे. अॅलर्जीचेही तसेच. अमेरिकेच्या एफडीएने सप्टेंबर २००८मध्ये परवानगी नसलेली, जखमेवर लावायची पपेनयुक्त औषधे बाजारातून काढायला लावली. गंभीर अॅलर्जीच्या तक्रारी हे त्यामागचे एक मुख्य कारण होते. रबरी हातमोज्यांची अॅलर्जी असणाऱ्याला पपईच्या चिकाचाही त्रास होऊ शकतो. विद्यार्थी मात्र पंखा चालू ठेवून, मास्क न लावता पपेनची पावडर तोलतात. ती धूळ श्वासात गेली तर दमा जडतो. उकाडा कितीही असो, तोलताना पंखा बंदच हवा.

आमच्या मागण्या अशा:

१. शीर्षकात एन्झाइम असलेल्या प्रत्येक प्रबंधात प्रति ग्रॅम युनिट, मोजण्याची पद्धत आणि ब्लँकचे रीडिंग सक्तीचे करा. मोजमाप दिवस ०, ३० आणि ९० ला, २ ते ८, ३० आणि ४० अंशांवर ठेवलेल्या नमुन्यांचे.

२. हा आकडा आणि बेसमधून एन्झाइम परत मिळाल्याचा पुरावा जोडला नसेल तर प्राणी नैतिकता समितीने अर्ज पुढे नेऊ नये. एन्झाइम मारलेल्या जेलचा गट नसलेला आराखडा परत पाठवावा.

३. मराठवाड्यात एका ठिकाणी सामायिक चाचणी कक्ष उभा करा: कूलिंग सेंट्रिफ्यूज, लॅमिनार फ्लो, पेशी संवर्धनाची सोय आणि इन्व्हर्टरवर चालणारा, तापमानाची नोंद ठेवणारा फ्रिज. दर फलकावर लावा, म्हणजे लहान गावातल्या महाविद्यालयालाही नमुना पाठवता येईल.

४. 'या जेलमध्ये ३० दिवसांनी एन्झाइम उरला नाही' असा निकाल आणणाऱ्या विद्यार्थ्याचे व्हायव्हात गुण कापू नका. त्या भीतीनेच वहीतली रीडिंग बदलली जातात.

५. महाविद्यालयाच्या अहवालाचा आधार घेऊन कुणी जखम भरण्याचा दावा करत ट्यूब विकत असेल तर महाविद्यालयाने स्वतःहून अन्न व औषध प्रशासनाला लेखी कळवावे.

पहिल्या दोन मागण्यांना पैसा लागत नाही. येत्या सत्राच्या विषयांवर सह्या होण्यापूर्वी त्या बैठकीत घ्याव्यात आणि काय ठरले ते लेखी कळवावे. मोजणीची पद्धत एकदा करून पाहायची असेल तर आम्ही यायला तयार आहोत. जेल आणि केसीन आपले असू द्या, सिस्टीनचा बफर आम्ही तिथेच, त्याच दिवशी करू.

कळावे,
आपले,
मराठवाड्यातील फार्मसी प्रयोगशाळांत शिकवणारे आणि काम करणारे काही शिक्षक व तंत्रज्ञ